चरातली नळी

थंडी सरत आली की सगळ्या वाडीचे कान फोनवालीच्या घराकडे लागायचे. वाडीत चौदा घरं. एक लोहाराचं सोडलं तर बाकी सगळी गवंड्यांची. दगडावर दगड बसवून भिंती उभ्या करायच्या, बांध घालायचे, खचलेले रस्ते सावरायचे, हेच त्यांचं काम. पण हे काम वाडीत नव्हतं, दूर होतं, आणि तिथून ते फोनवर यायचं. शहरातला मुकादम नंबर लावायचा नि म्हणायचा, "वीस हात पाहिजेत, परवा सकाळी." पहिला जो हो म्हणेल त्याचं काम. मुकादमाकडे असे पाच वाड्यांचे नंबर होते आणि वाट बघत बसणं त्याच्या रक्तात नव्हतं.

वाडीत फोन एकच. तो होता सरकारी, फोनवालीच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या तिपाईवर. अशा आडवळणी वस्त्यांना स्वस्तात फोन मिळावा म्हणून सरकारनं एक निधी काढला होता. शहरातले लोक आपापल्या बिलात चार पैसे जास्त भरायचे आणि त्यातून या डोंगरामागची तांब्याची तार सांभाळली जायची. खिशातले फोन तरुण पोरांकडे होते, पण त्यावर ती गाणी ऐकायची. सिग्नलची रेघ यायची ती वर खिंडीत गेल्यावर, तीही एखादी, आणि वारा पडला असेल तर.

फोनवालीचा नवरा वाडीतला सगळ्यांत जुना गवंडी. त्याचा उजवा गुडघा कामातून गेला होता, तरी भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा त्याच्याच हातात द्यायचे. फोन मात्र तिचा. कागदोपत्री धारक ती, आणि आवाजही तिचाच. फोन आला की ती पलीकडच्याला "दहा मिनिटांनी लावा" म्हणायची आणि ओट्यावर येऊन हाक घालायची. नावं नाहीत, नुसत्या हाका. लोहाराला आखूड, पाणवठ्यावरच्या घराला लांब, आणि मुकादमाचा फोन असेल तर एकामागून एक तीन. तीन हाका आल्या की माणसं हातातलं टाकून पळायची. आकडे तर तिला झोपेतही यायचे. अक्षरं मात्र एकेक गोळा करून जुळवावी लागत, आणि अलीकडे डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आल्यापासून तीही विरघळून जात.

पावसाळा संपला आणि जावई मोटारीनं आला. पायात बूट, छातीवर फोटोचा बिल्ला. ठेकेदाराकडे सुपरवायझर झाला होता. सोबत लेकही होती.

"आई, तुमच्या वाडीचं नशीब उघडलं," तो चहाचा कप हातात घेत म्हणाला. "निधीतून नवी तार मंजूर झालीये. काचेची तार. घरोघर फोन, घरोघर इंटरनेट, तेही जवळजवळ फुकटात. पोरांनी घरात बसून कॉलेज करावं!"

"काचेची?" गवंडी म्हणाला. "फुटली म्हणजे?"

जावई हसला. सगळेच हसले. जावईबापू बोलतात तेव्हा हसायचं, हे या घरात लग्नापासून ठरूनच गेलं होतं.

"फक्त एक आहे," जावई पुढे म्हणाला. "अशा चाळीस वस्त्या आहेत. खोदाईला माणसं मिळत नाहीत. वाडीनं अंगमेहनत दिली तर मी तुमचा नंबर पहिला लावतो. खाली फाट्यापासून इथपर्यंत, सात किलोमीटर. हाताखालची माणसं तुमची, नळी आमची."

ओट्यावर जमलेल्यांतून लोहारानं विचारलं, "खणायला निधी पैसे देत नाही का?"

"देतो ना, मामा. पण सगळं कागदावर यायला दोन वर्षं. थांबायचं असेल तर थांबा."

थांबायचं कुणालाच नव्हतं. मुकादमाचा फोन यायला अजून तीन महिने होते आणि तोवर हातांना काम नव्हतं. फोनवालीनं तर आधीच मान डोलावली होती. आपला जावई वाडीसाठी काही घेऊन आला, याचा तिला झालेला आनंद लपता लपत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून चर खणायला सुरुवात झाली. कंबरेइतका खोल, दीड वीत रुंद. पहिला किलोमीटर माती होती, ती कुदळीनं निघाली. पुढे मुरूम लागला, त्याच्या पुढे काळा खडक. पहार मारली की दांडा हाताला झिणझिण्या आणायचा आणि निघायची बोटभर कपची. लोहाराच्या भात्याला दिवसभर उसंत नव्हती. सकाळी पाजवलेली पहारींची टोकं दुपारपर्यंत बोथट होऊन परत यायची. गवंडी गुडघ्याला चिंध्या बांधून चराच्या कडेला बसायचा आणि दोरी लावून चर सरळ जातोय की नाही ते बघायचा. एके ठिकाणी चर वाकडा गेला म्हणून त्यानं चार हात खणलेलं परत बुजवायला लावलं.

"अहो, जमिनीखाली जाणार ती," पोरं वैतागली. "कोण बघतंय?"

"मी बघतोय," गवंडी म्हणाला.

फोनवाली आणि लेक घमेल्यांनी माती उपसायच्या. लेक महिनाभर माहेरी राहिली. "तुझ्या हाताशी कोण आहे?" म्हणत आपण होऊन राहिली, याचं फोनवालीला कोण कौतुक! तळव्यांना फोड आले तेव्हा आईनं रात्री त्यांना तेल चोळलं. हे हात आता मऊ झालेत, हे तिला चोळताना जाणवलं आणि बरंही वाटलं. पोरगी सुखात आहे, असा तिनं त्याचा अर्थ घेतला.

बत्तीस दिवसांत चर पुरा झाला. ठेकेदाराच्या ट्रकनं नारिंगी नळीची वेटोळी आणून टाकली. नळी पोकळ होती. तार मागाहून येईल आणि यंत्रानं एका तोंडातून फुंकून आत घालतील, असं जावयानं सांगितलं होतं. पण सांगितलं एकदाच, चालता चालता, मोटारीच्या आवाजात, आणि ते नीट कुणाच्या कानात शिरलं नाही. आणि गवंडी ते गवंडी. नळी नुसती टाकून माती ढकलून द्यायची त्यांच्यानं होईना. त्यांनी चाळलेल्या मातीचं अंथरूण केलं, वर चपटे दगड बसवले, दगडांवर माती चोपून बसवली. दर दोनशे मीटरवर एक चौकोनी खड्डा होता, तिथं नळीची दोन तोंडं समोरासमोर उघडी राहत. भिंतीत उघडं तोंड ठेवणं म्हणजे उंदीर-विंचवांना आवतण, हे यांच्या हाडात मुरलेलं. गवंड्यानं सिमेंट कालवायला सांगितलं आणि एकूण एक तोंड बुजवून टाकलं. चौतीस खड्डे, अडुसष्ट तोंडं. वर थापीनं गुळगुळीत करून.

जावई तेव्हा तिथंच उभा होता. लेक सिमेंटचं घमेलं धरून होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं तिच्याकडे.

"वा, बाबा!" तो म्हणाला. "असं काम सगळ्या चाळीस वस्त्यांत कुठं नाही."

गवंडी दोन दिवस त्या वाक्यावर जगला.

मग एका दुपारी जावई कागद घेऊन आला. फोनवाली ओट्यावर वाळवण राखत बसली होती, गवंडी शेजारी गुडघा शेकत होता.

"तार सुटलीये कारखान्यातून. तेवढी तुमची सही लागते, आई. धारकाच्या सहीशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही आणि हप्त्याशिवाय तार नाही."

फोनवालीनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. "काय लिहिलंय गं?" तिनं शेजारी बसलेल्या लेकीला विचारलं.

लेकीनं कागद घेतला. ओळीवरून बोट फिरवत वाचलं, "काम चालू आहे. नवी तार सुरू होईपर्यंत जुना फोन जागेवरून हलवणार नाही. ती सुरू झाल्यावरच जुनी तार काढण्यात येईल."

"नीट लिहिलंय," गवंडी म्हणाला. त्याला वाचता येत नव्हतं, पण ऐकून त्याचं समाधान झालं होतं.

फोनवालीनं सही केली. तीन अक्षरांची, एकेक अक्षर कोरून.

बारा दिवसांनी तीन माणसं शिडी घेऊन आली आणि खांबांवरून तांब्याची तार उतरवायला लागली. फोनवाली धावत बाहेर आली.

"अहो, थांबा! नवी अजून यायची आहे."

"आम्हाला काढायचा हुकूम आहे, मावशी." त्यांनी कागद दाखवला. सही तिचीच होती. संध्याकाळपर्यंत तारेची भेंडोळी गाडीत पडली. जाताना त्यांनी तिपाईवरचा फोनही उचलला आणि त्याच्या जागी भिंतीवर एक पांढरी डबी ठोकून गेले. डबीला तीन दिवे होते, एकही लागत नव्हता. फोनवालीनं दुसऱ्या दिवशी एका पोराचा फोन घेऊन, खिंडीत जाऊन जावयाला फोन लावला. "आठवड्याभरात, आई," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्यानं फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात नंबरच लागेना.

आणि थंडी सरत आली.

माणसं नेहमीच्या सवयीनं ओट्यावर येऊन बसायला लागली. कुणी काही म्हणत नव्हतं. डबीकडे बघायचे, फोनवालीकडे बघायचे आणि पाणी पिऊन निघून जायचे. हे न बोलणं तिला शिव्यांपेक्षा झोंबत होतं. शेवटी लोहार खिंडीत गेला, दगडावर चढून हात उंच करून त्यानं एकदाचा मुकादमाला गाठला.

"चार दिवस लावतोय तुमचा नंबर!" मुकादम ओरडला. "मेलात का सगळे? धरणाच्या भिंतीचं काम होतं, दुसऱ्या वाडीला दिलं. महिनाअखेरीला घाटातलं काम निघणार आहे, सहा महिने पुरेल इतकं. तेव्हा नंबर लागला तर लागला. मी काही खिंडीत माणसं शोधत फिरत नाही."

लोहार खाली आला तो थेट तालुक्याला गेला आणि निधीच्या कचेरीत तक्रार देऊन आला. परतताना फोनवालीच्या ओट्यापाशी थांबला. "वहिनी, राग मानू नका. तुमच्या घरातला माणूस आहे, म्हणून मी इतके दिवस मूग गिळले. पण चौदा घरांचा प्रश्न आहे."

"राग कसला, भावजी," ती म्हणाली. "काही घोळ झाला असेल. जावई असं करणार नाही."

"नसेल करणार," लोहार म्हणाला आणि गेला.

कचेरीतून तपासणीला एक बाई येणार असा निरोप आला. तपासणीच्या आदल्या दिवशी लेक आली. एकटीच, एसटीनं फाट्यावर उतरून सात किलोमीटर चालत. चराच्या वरूनच चालत आली असणार, दुसरी वाट नव्हती. चेहरा ओढलेला होता. आईनं जेवायला वाढलं, तिनं ताट सरकवलं.

"आई, उद्या त्या बाईंना सांग, नवा फोन चालू होता. परवाच्या वाऱ्यात बंद पडला."

"चालू होता? एक दिवा तरी लागला का?"

"सांगायला काय जातं? ह्यांच्यावर आलंय सगळं. ठेकेदार हात वर करून मोकळा झालाय. नोकरी तर जाईलच, आत टाकतील त्यांना. मग मी कुठं जाऊ? इथं येऊन माती उपसू?"

गवंडी कोपऱ्यात बसून ऐकत होता. फोनवालीनं सरकवलेलं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "खोटं मी बोलणार नाही. पण जावयाचं वाईट होईल असंही काही बोलणार नाही. सही करताना काय वाचलं तेवढं सांगेन. काम होईपर्यंत फोन हलवायचा नाही असं कागदात आहेच की. तार काढणाऱ्यांनीच कागद मोडला, आपण काय केलं?"

लेक भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रात्रभर तिच्या कूस बदलण्याचा आवाज येत होता.

तपासणीच्या बाई सकाळी आल्या. उन्हानं रापलेल्या, पायात चालून झिजलेले सपाट बूट. त्या आधी चर बघायला गेल्या. सगळी वाडी मागे. पहिल्याच खड्ड्यापाशी त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"हे कुणी बुजवलं?"

"आम्ही," गवंडी पुढे झाला. त्याचा आवाज जरा चढलाच होता. "सगळी तोंडं बुजवलीत. उंदीर शिरतात, म्हणून."

"मग तार कुठून घालायची?"

बाईंनी नळी ठोठावून बघितली, मग लोहाराची छिन्नी मागून घेऊन एक तोंड फोडलं. आत हात घातला, बोटं हलवून दाखवली. "रिकामी आहे. पुढच्या खड्ड्यातही असंच? ही आता सगळी उखडावी लागेल. तुमच्या सुपरवायझरनं बघितलं नाही?"

"बघितलं," गवंडी म्हणाला. आवाज खाली आला होता. "वा म्हणाले."

"तार घालायची असती तर थांबवलं असतं त्यानं," बाई म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही, वहीत लिहिता लिहिता. "आणि खोदाईचे पैसे ठेकेदारानं उचललेत. तुम्हाला किती मिळाले?"

बत्तीस दिवसांचे घट्टे चौदा घरांच्या हातांवर होते आणि ते हात कुठं लपवावेत ते कुणाला कळत नव्हतं. फोनवालीनं लेकीकडे बघितलं. लेक जमिनीकडे बघत होती. सिमेंटचं घमेलं धरून उभी राहिलेली हीच, फुंकून तार घालतात हे नवऱ्याच्या तोंडून शंभरदा ऐकलेली हीच.

घरी येऊन बाई तिपाईजवळ बसल्या. माणसं दारात, खिडकीत, ओट्यावर दाटली.

"आता नीट ऐका," बाई म्हणाल्या. "धारकाकडून सही फसवून घेतली असं ठरलं, तर जुनी तार आठ दिवसांत परत बसवता येते. निधीत तशी सोय आहे. पण धारकानं समजून-उमजून सही केली असेल, तर निधीच्या लेखी वाडीला सेवा मिळाली. मग पुन्हा पैसे मिळत नाहीत. निदान सहा वर्षं."

आठ दिवस म्हणजे महिनाअखेरीच्या आत. दारातल्या एकानं तसं शेजाऱ्याच्या कानात सांगितलंही. फोनवालीचा जीव जरा भांड्यात पडला.

"कागद वाचा ना, बाई," ती म्हणाली. "त्यातच आहे."

बाईंनी कागद काढून वाचला. "नवी सेवा माझ्या घरी व वस्तीत सुरळीत चालू झाली आहे. मी ती स्वतः वापरून पाहिली आहे. जुना फोन व तार काढून नेण्यास माझी संमती आहे."

"पुढचं?"

"पुढे तुमची सही."

फोनवालीनं कागद हातात घेतला. अक्षरं तशीच पळत होती. "असं नव्हतं," ती म्हणाली. "नवी सुरू होईपर्यंत जुनी हलवणार नाही, असं होतं. मी वाचून घेतलं होतं."

"कुणाकडून?"

फोनवाली लेकीकडे वळली. अजूनही तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. "तू सांग, पोरी. काय वाचलं होतंस?"

लेकीनं मान वर केली. डोळे कोरडे होते. "जे लिहिलंय तेच वाचलं होतं, आई. तू म्हणालीस, आज ना उद्या चालू होणारच आहे, करून टाकते सही."

दारात गलका झाला. लोहार काहीतरी ओरडला. फोनवालीला ते नीट ऐकू आलं नाही. ती गवंड्याकडे बघत होती. तो त्या दुपारी शेजारीच बसला होता. नीट लिहिलंय, असं तोच म्हणाला होता.

"आजोबा, तुम्ही होतात तेव्हा?" बाईंनी विचारलं.

गवंड्यानं लेकीकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी आपला दुखरा गुडघा धरला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाला, "होतो."

"काय वाचलं तिनं?"

"पोरगी म्हणते तेच."

"नीट सांगा. चौदा घरांचं आहे हे."

"तेच सांगतोय. पोरगी म्हणते तेच."

बाईंनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर कागद फिरवून फोनवालीपुढे सरकवला. "तुमचा जबाब. सही करा."

लेक पटकन पुढे झाली. "मी वाचून दाखवते."

"नको," फोनवाली म्हणाली. तिनं कागद उचलून बाईंच्या हातात दिला. "तुम्ही वाचा. माझ्या घरातलं कुणी नको."

बाईंनी वाचलं. सावकाश, एकेक शब्द. कागदातला मजकूर समजून मी सही केली. तो मला वाचून दाखवण्यात आला होता. माझी कोणावर तक्रार नाही. फोनवालीनं सगळं ऐकून घेतलं.

"हे मी बोलले नाही," ती म्हणाली. "हे त्या दोघांचं बोलणं. माझं असं लिहा की मला दुसरंच वाचून दाखवलं. आणि यांच्या जबाबाखाली यांच्या सह्या घ्या."

"दोघं एका बाजूला आणि तुम्ही एकट्या एका बाजूला," बाई म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता. "वर गेल्यावर काय धरतील ते मी तुम्हाला आत्ताच सांगू शकते."

"धरू देत. पण लिहा."

बाईंनी दोन कागद केले. फोनवालीनं आपल्या कागदावर सही केली, तीन अक्षरं, एकेक कोरून. दुसऱ्या कागदावर लेकीनं भराभर सही केली आणि पेन बापाच्या हातात दिलं. गवंड्याचा हात कागदावर आला आणि थांबला. सही कुठं करायची ते त्याला कळत नव्हतं. तीस वर्षं त्याच्या सगळ्या कागदांवर जागा बायकोच दाखवत आली होती, आणि सवयीनं त्यानं तिच्याचकडे बघितलं.

फोनवाली जागची हलली नाही.

"इथं, बाबा," लेक म्हणाली आणि तिनं कागदावर बोट ठेवलं. त्या बोटाच्या शेजारी गवंड्यानं सही केली.